गुलाबी बॉल, दोन बोटं डावीकडे

“गुलाबी दोन बोटं डावीकडे,” कानातल्या इअरपीसमधून आवाज आला, आणि पंचाचा पांढऱ्या हातमोज्यातला हात टेबलावर तसाच थांबला. बॉल तर त्याचा ठेवून झाला होता. नुसता ठेवला नव्हता. ठेवून, एक पाऊल मागे सरून, मान तिरकी करून पाहिलाही होता आणि मनातल्या मनात ‘बरोबर’ म्हणूनही झालं होतं. फटका चुकून बॉल भलतीकडे गेले की ते पुन्हा होते तिथे मांडायचे हे पंचाचं काम, आणि या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं खेळणारेच म्हणायचे. आज तर स्नूकरचा अंतिम सामना, सगळे ज्यांना ‘मास्तर’ म्हणत ते म्हातारे खेळाडू आणि एक नवी पोरगी. दुपारचं सत्र, भरलेलं सभागृह. मास्तरांनी आपल्या फटक्याने पांढरा बॉल तपकिरीच्या आड असा कोंडला होता की पोरीला आधी ज्याला शिवायलाच हवं तो लाल एकही सरळ दिसू नये. तिने काठाला आपटून वळसा घालायचा प्रयत्न केला, लाल राहिले बाजूला आणि पांढरा जाऊन गुलाबीवर आदळला. “होतं तसं ठेवा,” मास्तर म्हणाले, चुकलेल्याला पुन्हा तिथूनच खेळायला लावायचा नियमाने तो त्यांचा हक्कच होता. त्याने ठेवलं. आणि आता कानातला आवाज म्हणत होता, होतं तसं नाही. शेजारच्या पडद्यावर आधीचं चित्र आणि आताचं चित्र एकावर एक टाकून दाखवतात, त्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.  त्याने बॉल उचलला आणि दोन बोटं डावीकडे ठेवला. “आता ओके,” आवाज म्हणाला. प्रेक्षकांना कशाचाच पत्ता नव्हता. मास्तर खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पोरीने मात्र त्याच्या हाताकडे पाहिलं, मग बॉलकडे, मग पुन्हा हाताकडे, आणि क्यूच्या काठीच्या टोकाला खडू लावला. तिची वाट आता गुलाबीने अडवली होती. ती पुन्हा चुकली, मास्तरांनी उरलेलं टेबल साफ केलं आणि तो डाव, ती फ्रेम, तिच्या हातून गेली.

सत्र संपल्यावर तो पंचांच्या खोलीत येऊन बसला. खोली कसली, रंगमंचामागची एक फळकुटांची जागा. एक आरसा, एक टेबल, कोट टांगायला खुंटी. हातमोजे काढून त्याने गुडघ्यांवर पसरून ठेवले. दोन बोटं. बाहेरच्या माणसाला दोन बोटं म्हणजे काय, चहाच्या कपाला पुरेशी जागा नाही. पण त्याला स्वतःच्या घरातली कात्री डोळे मिटून सापडायची. बायको म्हणायची, “आमच्याकडे भांडायची सोयच नाही. वस्तू कुठे होती यावर निकाल देणारा माणूस घरातच आहे.” पाहुण्यांपुढे तो डोळे मिटून बसे आणि मेव्हणे टेबलावरचे पेले हलवत, आणि तो ते पुन्हा जागच्या जागी लावून दाखवी. पुढे पुढे मेव्हण्यांनाच कंटाळा आला. आज त्याला गुलाबी डोळ्यांसमोर लख्ख दिसत होता, अजूनही दिसत होता, उजव्या मधल्या पॉकेटच्या ओठाशी रेषा धरून, त्यावर दिव्याचा ठिपका. आणि तो तिथे नव्हता म्हणे. बॉल चुकल्याचं त्याला एवढं काही वाटलं नाही. न चुकल्याची इतकी खात्री वाटत होती, त्याची भीती वाटली. दादाला अशीच खात्री होती.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दादा टेबलांचा मिस्त्री होता. पाटीच्या दगडाचे जड तुकडे जोडून सपाट करायचे, वर हिरवं कापड ताणायचं, ठोकायचं आणि इस्त्री फिरवायची. गावोगावच्या क्लबांतून त्याला बोलावणी असत, आणि लहानपणी खिळ्यांची डबी धरायला धाकटा भाऊ बरोबर असे. त्या कापडाला लव असते. मांजराच्या पाठीसारखी ती एकाच दिशेने बसलेली असते, आणि टेबलाच्या खेळायला सुरुवात होते त्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडेच ती जायला हवी. उलट झाली तर हळू मारलेला बॉल भलतीकडे वळतो. दादा कापड उलगडलं की डोळे मिटायचा आणि तळहात नाही, हाताची मागची बाजू त्यावरून फिरवायचा. “तळहात खोटं बोलतो. दिवसभर राबून निबर झालेला असतो तो,” म्हणायचा. अशी त्याने किती टेबलं केली याची मोजदाद नाही. आणि एके दिवशी, एका मोठ्या क्लबात, दादाने कापड उलटं बसवलं. खिळे ठोकून, इस्त्री करून, झाडून पुसून झाल्यावर क्लबच्या सेक्रेटरीने एक बॉल हलकेच सोडला तेव्हा कळलं. लोक हसले. दादा हातात गरम इस्त्री घेऊन उभा होता, आणि काम बघायला नुकताच पोचलेला धाकटा दोन हातांच्या अंतरावर. “पण बाण होता ना,” एवढंच तो म्हणाला, दोनदा म्हणाला. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. पुढे थोड्याच काळात हातातली हातोडी तो घरभर शोधायला लागला, मग वहिनीला तिच्याच आईचं नाव विचारायला लागला, आणि डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. तेव्हापासून घरात काळाचे दोन भाग पडले, उलट्या कापडाच्या आधी आणि उलट्या कापडानंतर. दादा तेव्हा ज्या वयाचा होता त्या वयाचा तो आता झाला होता.

भिंतीपलीकडून बॉलवर बॉल आपटल्याचे आवाज येत होते. सरावाच्या टेबलावर पोरगी असणार. सत्र संपलं की बाकीचे खातात, पडतात, फोनवर बोलतात. ही पुन्हा खेळते. पत्रकारांनी तिचं नाव ‘मशीन’ ठेवलं होतं. एकोणीस वर्षांची, चेहऱ्यावर रेघ हलत नाही, मास्तर खडू लावून होईस्तोवर हिचे तीन बॉल पॉकेटात. वडील लिफ्ट दुरुस्त करतात. एका इमारतीच्या तळघरात कोणीतरी टाकून दिलेलं निम्म्या मापाचं टेबल त्यांना मिळालं, त्यावर ती शिकली, तीही फोनवरचे सामने हळू करून करून बघत. कोणी खांद्यावर हात ठेवून ‘कोपर खाली घे’ असं तिला सांगितलं नाही. आता अशीच पोरं येत होती, जिथे कधी धड टेबल नव्हतं अशा ठिकाणांहून, कानाला हेडफोन लावून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. पूर्वी ज्या एका लांबच्या फटक्याच्या गोष्टी लोक वर्षानुवर्षं सांगायचे, तसले फटके ही पोरं सकाळी दात घासल्यासारखे मारत. पंचाला त्यांचा राग नव्हता. उलट त्यांच्या हाताची सफाई बघून कधीकधी त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि गुण पुकारताना आवाज जरा वर जायचा, जो पंचाचा जायला नको. पण एक गोष्ट त्याला चुकल्यासारखी वाटायची. पूर्वी बॉल पुन्हा मांडताना पंच दोघांना विचारायचा, “पटतंय का?” मग दोघं खुर्च्यांवरून उठायचे. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या टेबलावर डोक्याला डोकं लावून वाकायची, “जरा अलीकडे”, “अहो नाही, एवढं नाही”, “बरं, मधलं धरा.” मास्तर तरुण होते तेव्हा तर भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करायचे, आणि तरी शेवटी खरं तेच सांगायचे. स्वतःच्या विरुद्ध सांगायचे. कारण समोरच्याने बघितलेलं असायचं. आता पडदा आला होता. खेळणारे खुर्चीतून उठत नव्हते, एकमेकांना काही विचारायची गरज उरली नव्हती, आणि पंचाने विचारलं तर पंचाला काही येत नाही असं दिसलं असतं. तोही विचारायचा थांबला होता. केव्हा थांबला ते त्याला आठवेना, आणि आठवत नाही म्हणून तो पुन्हा दचकला.

त्याने ठरवलं, स्पर्धेच्या संचालकाला सांगायचं. संध्याकाळच्या सत्राला दुसरा पंच लावा. तब्येतीचं कारण द्यायचं, खोटंही नाही ते. कोट घालून तो बाहेर पडला. सरावाच्या खोलीचं दार उघडं होतं. पोरगी वाकलेली होती, तिने फटका पुरा केला, बॉल गेला, मग मान न वळवता म्हणाली, “काका, एक विचारू?”

“विचार.”

“दुपारी गुलाबी तुम्ही आधी ठेवला होता, तिथून का हलवलात?”

“पडद्यावर दोन बोटं डावीकडे दाखवत होतं.”

“पण तो तिथे नव्हता.” ती आता सरळ उभी राहिली. “मास्तरांनी मला कोंडलं ना, तेव्हा पांढरा जाता जाता गुलाबीला घासून गेला. गुलाबी सरकला. तुम्ही पहिल्यांदा ठेवलात तोच बरोबर होता.”

त्याला खुर्ची हवी होती, खोलीत खुर्ची नव्हती. “मग बोलली का नाहीस तेव्हा?”

तिने बोटांवरची खडूची धूळ झटकली. “तुम्हीच बोलला नाहीत. मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसेल. आणि मला कोणी विचारलं कुठे?”

शेवटचं वाक्य तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. वाहनांना चाकं असतात तसं म्हटलं होतं. तिच्या आयुष्यात बॉल कुठे होता हे तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं.

पडद्याचं काम बघणारा, दुपारी कानात बोललेला तरुण बर्गर खात बसला होता. पंचाने दुपारची ती जागा दाखवायला सांगितली. त्याने हात पुसून चित्रं मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे नेली, आणि त्याचे कान लाल झाले. “काका, आईशप्पथ, मी एक फटका जास्त मागे गेलो होतो. मास्तरांच्या फटक्याच्या आधीचं चित्र घेतलं गेलं.” मग म्हणाला, “पण तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणाला असता तर मी परत बघितलं असतं ना.” संचालकाला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला, दोघा खेळाडूंना निरोप पाठवतो म्हणाला, आणि मग म्हणाला, “पण पुढचा फटका खेळला गेला की मागचं उकरता येत नाही, नियम तुम्हालाच पाठ. फ्रेम गेली ती गेली.” दुसरा पंच लावायची गोष्ट काढल्यावर तो हसलाच. “काका, चुकलं पडद्याचं आणि घरी तुम्ही जाताय? चहा घ्या.”

चहा घेतला. म्हणजे दुपारी बॉल त्याने बरोबर ठेवला होता. एव्हाना आनंद व्हायला हवा होता, डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. एका आवाजाने ‘डावीकडे’ म्हटलं आणि स्वतःचा डोळा त्याने काडीची किंमत न देता टाकून दिला. यंत्र चुकलं असेल ही शंकासुद्धा मनात आली नाही, डोकं फिरलं असेल ही मात्र चटकन आली. आणि मग चहा हातात तसाच राहिला, कारण त्याला दादाचा आवाज ऐकू आला. “पण बाण होता ना.” कापडाच्या उलट्या बाजूला कारखान्यातून बाण छापून यायला लागले होते त्या काळात. लवेची दिशा दाखवणारे. क्लबवाले घाई करत होते, आणि त्या दिवशी दादाने हात फिरवलाच नसणार. बाण बघितला आणि ठोकलं. बाणच उलटा छापला असेल तर? ते कापड उचकटून फेकून दिलं, त्याची मागची बाजू कोणी बघितली नाही. त्यानेही नाही, आणि तो तर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. आजार पुढे खरोखर आला, तो यायचाच होता कदाचित. पण त्या दिवशीचा दादा कदाचित शाबूत होता. शाबूत माणसाला सगळ्यांनी मिळून त्याच दिवसापासून सांभाळून घ्यायला सुरुवात केली, आणि दादानेही मुकाट्याने ते घेतलं. पंचाला रडू आलं. चहाच्या टपरीवर उभं राहून माणूस रडतो तसं, नाक ओढत, कप तोंडाला लावून, कोणाला दिसू नये म्हणून.

संध्याकाळच्या सत्रात तो उभा राहिला. सामना असा रंगला की प्रेक्षक खोकायचे ते फटक्यांच्या मधेच. मास्तरांचे हात हल्ली लांबच्या फटक्याला जरासे कापत, पण कोंडण्यात त्यांना तोड नव्हती. पोरगी कोंडीतून सुटली की धडाधडा टेबल रिकामं करी. दोघं बरोबरीत आले आणि शेवटची फ्रेम उरली. लाल संपत आले होते. या वेळी पोरीने मास्तरांना कोंडलं, आणि मास्तरांचा फटका चुकला. पांढरा लालला न शिवता लांब जाऊन थांबला. “होतं तसं ठेवा,” पोरगी म्हणाली. पंचाने पांढरा उचलला, डोळ्यांपुढे जागा लख्ख होती, निळ्याच्या सावलीच्या अगदी कडेला, आणि त्याने तो ठेवला. मनात म्हणाला, ‘बरोबर.’

“बोटभर मागे,” कानात आवाज आला. मग तो आवाज घाईने म्हणाला, “काका, मी तीनदा बघितलं. योग्य चित्र आहे.”

सभागृह वाट बघत होतं. दुपारसारखीच खात्री, तसूभरही कमी नाही. दुपारी ती खरी निघाली होती.  त्याने कानातलं इअरपीस काढून खिशात टाकलं, टेबलापासून मागे सरला आणि बऱ्याच वर्षांत न वापरलेलं वाक्य त्याने मोठ्याने म्हटलं. “तुम्हा दोघांना पटतंय का?”

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी हललं आणि ते गुडघ्यावर हात टेकून उठले. पोरगी मात्र खुर्चीतच होती. आपल्याला विचारलंय हे तिला कळायला क्षण लागला. मग तीही आली. दोन्ही डोकी टेबलावर वाकली, एक पांढरं आणि एक काळंभोर, आणि पंच मधे उभा. आहे तिथे बॉल राहिला तर मास्तरांची वाट जवळजवळ बंद होती. बोटभर मागे गेला तर लालची एक बारीक कड त्यांना दिसली असती. हे तिघांनाही दिसत होतं.  मास्तरांनी नुसतं पोरीकडे पाहिलं, तूच सांग, असं.

पोरीने बोट बॉलपासून अलगद दूर धरून जागा दाखवली. “इथे होता. बोटभर मागे.”

“पोरगी म्हणते ते बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “पण मी आधी बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, म्हातारा सोय बघतोय.”

ती हसली. मशीन हसल्याचं सभागृहाने पहिल्यांदाच पाहिलं.

“माझं चुकलं,” पंच म्हणाला. तो हे मनात म्हणणार होता, पण ते मोठ्याने बाहेर पडलं, पुढच्या रांगांना ऐकू जाईल एवढं. काहीच झालं नाही. कोणी हसलं नाही, छत कोसळलं नाही. “होतं असं, काका,” पोरगी म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. त्याने बॉल बोटभर मागे ठेवला. डोळ्यांपुढची लख्ख जागा अजूनही जुन्याच ठिकाणी होती, ती हलली नाही. म्हणजे दुपारी तो खरा होता आणि आता नव्हता, आणि दोन्ही वेळा आतून अगदी एकसारखं वाटलं होतं. आता डॉक्टरकडे जाऊन हे सांगावं लागणार होतं, हे त्याला तिथेच उभं असताना कळलं.  पाय मात्र टेबलापाशी घट्ट होते.

मास्तरांनी ती कड गाठली. लाल हलला, फ्रेम लांबली, आणि शेवटी काळ्या बॉलवर मास्तर जिंकले. एका फ्रेमने. दुपारची ती फ्रेम मधे नसती तर करंडक कोणाचा, हे मोजायला पंचाला बोटं लागत नव्हती. टाळ्या, फुलं, फोटो सगळं झालं. मास्तर पोरीच्या पाठीवर थोपटून तिच्या कानाशी बराच वेळ काहीतरी बोलले. क्यू पेटीत घालून ती पंचाजवळून जाताना थांबली. तिचे डोळे लाल होते, आवाज साधाच होता.

“पुढच्या वेळी दुपारीच विचारा, काका.”

“विचारीन,” तो म्हणाला. त्याहून जास्त काही म्हणणं त्याला शोभलं नसतं.

सभागृह रिकामं व्हायला लागलं, वरचे मोठे दिवे एकेक करून मालवले. त्याने उजवा हातमोजा काढला आणि इकडेतिकडे बघून हाताची मागची बाजू कापडावरून फिरवली, अलीकडून पलीकडे. मऊ लागलं. उलटी फिरवली तेव्हा खरखरलं. मग त्याने वहिनीला फोन लावला.

“भावोजी, आत्ता? सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. दादाला देता फोन?”

“द्यायला काय. पण आज त्यांचा दिवस धड नाही हं. मनाला लावून घेऊ नका.” फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड झाली, मग श्वास ऐकू आला.

“दादा, त्या क्लबात कापड उलटं बसलं होतं, आठवतं? बाण उलटा होता का रे?”

श्वास. वहिनीने काहीतरी सांगितल्याचा आवाज. “कुठलं कापड?” दादा म्हणाला.

“असू दे. दादा, आज माझा बॉल चुकला. पुन्हा ठेवताना.”

“किती?” हा प्रश्न असा चटकन आला की पंच दचकला. तो मिस्त्रीचा आवाज होता, टेबलाखालून येणारा.

“बोटभर.”

“मग विचारायचं ना कुणाला तरी.”

“विचारलं.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला.  फोन बंद करायचा राहून गेला होता, बाजूला ठेवल्याचा ठक् आवाज आला, आणि लांबून, घरातल्या घरात बोलावं तसा, दादा वहिनीला विचारताना ऐकू आला, “कोण होता गं हा? बरा माणूस वाटला. बॉल विचारून ठेवतो.”